तिघांच्या फोटोत मधे

ओकाया,
ता. १४ नोव्हेंबर १९९३

चि. मिनेको हिस,
आजीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. तू गेलीस आणि घर सुनं झालं असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू, पर्सिमनची फळं सोलून वाळत घालायचे दिवस आहेत, ओसरीभर माळा लटकल्यात, सुनं वाटायला उसंत कुठे आहे? मला अवघड अक्षरं येत नाहीत. सोप्या अक्षरांत लिहिते, तू शिकलेली आहेस, लावून घे.

तुझ्या डब्याचं काय सांगू! डबा म्हटलं म्हणून फुगू नकोस, जेवणाच्या डब्याएवढाच आहे ना तुझा कॅमेरा? फिल्म नाही, धुणं नाही, बटण दाबलं की मागच्या इवल्याशा टीव्हीत मी! डोक्याला फडकं, तोंडभर हसू. एक्याऐंशी वर्षांची झाले, पण हसताना स्वतःला कधी पाहिलंच नव्हतं गं. आरशात बघून कोण हसतं? डबा तापतो याला तू खोड म्हणतेस, मी तर त्याच्यावर हात शेकून घेतले.

गावभर सांगितलं. सगळ्यांना आनंद झाला, स्टुडिओवाल्या मोमोसेनं तेवढं नाक मुरडलं. तू जाताना डब्यातला माझा फोटो त्याला दाखवला होतास ना, म्हणाला, तोयोबाई, त्यात तुमच्या तोंडावर कोणी तीळ सांडलेत का? याला कॅमेरा म्हणायचं, तर माझ्या सायकलीला विमान म्हणा. मी म्हटलं, तुमच्याकडे फोटो काढला की डोळे मिटलेले होते हे आठवड्यानं कळतं, आणि वर तुम्ही म्हणता छान आलाय. चहा न पिता गेला. डब्यातली चिप तापली की तिला अंधारातही उजेडाचे भास होतात, त्याचे ते दाणे, असं तू समजावलं होतंस, तेही त्याला ऐकवलं. त्याला कळलं नाही. मलाही कळलेलं नाही, पण मी ठासून सांगितलं.

मोठ्या साहेबांनी डबा नापास केला तर तुमचा विभाग बंद, आणि तुला कॅल्क्युलेटरच्या खात्यात टाकतील, हे तू जेवताना सहज बोलल्यासारखं बोललीस. पण जेवणाच्या काड्या हवेतच राहिल्या होत्या तुझ्या, मी पाहिलं. काय होतं ते कळव. खात जा. माया आहेच, ती मागावी लागत नाही.
तुझी आजी, तोयो


तोक्यो,
ता. ५ डिसेंबर १९९३

ती. आजीस,
मिनेकोचा शि. सा. न. वि. वि.

पर्सिमन पोचले. विभागातल्या सगळ्यांनी खाल्ले. आता विभाग म्हणजे मी आणि आमचे प्रमुख कुरोइवा-सान, एवढेच उरलो आहोत.

आजी, सगळं फिसकटलं, आणि माझ्याच हातून. आमचे मोठे साहेब, हानेदासाहेब, दोन अधिकाऱ्यांना घेऊन आले. खिडकीपाशी उजेड चांगला म्हणून मी तिघांना तिथे उभं केलं, हानेदासाहेब वयानं मोठे म्हणून मानानं मधे. मी उजेड मोजत होते गं, माणसं मोजलीच नाहीत. पडद्यावर चित्र उमटलं, साहेबांनी पाहिलं, आणि त्यांचा रंगच उतरला. तिघांच्या फोटोत मधला आधी मरतो हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, असं कुरोइवा-सान नंतर म्हणाले. मला तेव्हा सुचलं नाही.

मी घाबरून पुसायचं बटण दाबलं. त्यानं तर आगीत तेलच पडलं. साहेबांनी विचारलं, कुठे गेलं? मी म्हटलं, कुठेच नाही, पुसलं. ते म्हणाले, म्हणजे मला पुसलं? वर म्हणाले की लोक फोटो काढतात तो राहावा म्हणून. जो पुसता येतो तो फोटो कसला, आणि असली वस्तू विकणारी कंपनी तरी कसली.

मार्चअखेर विभाग बंद. डबा कुरोइवा-सान यांच्या कपाटात कुलपात आहे, मार्चमध्ये त्याचे भाग सुटे करतील. तापणं कमी करायची युक्ती मला सापडली होती, आजी. चित्र घेऊन झालं की चिपची वीज तोडायची, एवढंच. तिळांतले निम्मे तीळ गेले असते. बदलीच्या कागदावर नव्या वर्षात सही करायची आहे. करून टाकेन म्हणते. कॅल्क्युलेटर वाईट नसतात.

तब्येत सांभाळ. माझ्यावर रागावली नसलीस तर दोन ओळी लिही.
तुझी मिनेको


ओकाया,
ता. १२ डिसेंबर १९९३

चि. मिनेको हिस,
आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

वि. वि. रागावले तर आहेच, पण फोटोवरून नाही. कॅल्क्युलेटर वाईट नसतात म्हणे! वाईट नसतात म्हणून कोणी लग्न करतं का? तुझे आजोबा वाईट नव्हते, ती गोष्ट वेगळी.

मी चौदा वर्षांची होते, रेशमाच्या गिरणीत. दिवसभर उकळत्या पाण्यातून कोषांचे धागे काढायचे, बोटं पांढरी पडायची. मालकानं एकदा फोटोवाला बोलावला. आम्ही तिघी मैत्रिणी उभ्या राहिलो, आणि मधे कोणी यायला तयार होईना. अशा वेळी चौथी म्हणून हातात बाहुली धरतात, पण गिरणीतल्या पोरींकडे कुठली बाहुली? फोटोवाला ओरडायला लागला, तशी मीच घुसले मधे. तुमच्यासाठी मरते बायांनो, म्हटलं, पण नीट उभ्या राहा. तर कडेच्या दोघी केव्हाच गेल्या. एकीला छातीच्या दुखण्यानं नेलं, दुसरीला बाळंतपणानं. आनंदानं नाही लिहीत, त्यांची अजून आठवण येते. पण मधली कोण होती, तर मी. आणि मी आत्ता या क्षणाला बर्फातून लोणच्याचं पिंप उकरून काढतेय.

आणि पुसण्याचं म्हणशील, तर माझ्या लग्नाच्या फोटोत मी शिंक दाबतेय. सगळे म्हणतात, तोयो लग्नात किती गंभीर होती. साठ वर्षं भिंतीवरून मी शिंक दाबतेय! ते बटण मला तेव्हा मिळालं असतं तर त्या फोटोवाल्याला मी चार वेळा पुसायला लावलं असतं. तुझ्या साहेबाला काय कळतंय, पुरुषांना कुठल्याही फोटोत आपण बरेच दिसतो असं वाटतं.

सही करायची नाही. विचारलंच तर सांग, आजीची परवानगी आलेली नाही. हट्ट हा आपल्या घरातला दागिना आहे, माझ्या आईनं मला दिला, मी तुला देतेय. पोटाला खा.
तोयो आजी


तोक्यो,
ता. ११ जानेवारी १९९४

ती. आजीस,
नमस्कार. नव्या वर्षाच्या शुभेच्छा नंतर देईन.

तू ऑफिसात आली होतीस? मी दुसऱ्या इमारतीत कॅल्क्युलेटरवाल्यांकडे कामाची माहिती घ्यायला गेले होते, परत आले तर दारावरची मुलगी म्हणते, तुमच्या आजी किती गोड आहेत! आख्ख्या मजल्यावर लोणच्याचा वास. कुरोइवा-सानना विचारलं तर ते नुसतेच हसतात आणि रुमालानं डोळे पुसतात. ते हसतात हेच मला माहीत नव्हतं. फोन केला तर तू म्हणालीस, फोनवर नाही सांगत, लिहीन, आणि ठेवून दिलास!

काय केलंस ते ताबडतोब कळव. मी साहेबांसमोर जाऊ की तोंड लपवू?
तुझी, जीव टांगणीला लागलेली,
मिनेको


ओकाया,
ता. १५ जानेवारी १९९४

चि. मिनेको हिस,
आजीचे ताजे ताजे आशीर्वाद.

वि. वि. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच ओरडली असतीस. आता ओरड, मला ऐकू येत नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शुभेच्छा द्यायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायची कोणाची छाती आहे? म्हणून तोच मुहूर्त धरला. चांगला किमोनो नेसले, लोणच्याची बरणी घेतली आणि पहाटेची गाडी धरली. शेजारचा माणूस बरणीच्या वासानं दुसऱ्या डब्यात गेला, मला पाय पसरायला जागा झाली. तुझ्या दारावरच्या मुलीला म्हटलं, मिनेकोची आजी, हानेदासाहेबांना वाकायला आलेय, आणि कुरोइवा-सानना त्यांचं कपाट उघडून डबा घेऊन वर यायला सांग.

साहेब माणूस बरा आहे गं. लोणचं दोन्ही हातांनी घेतलं. मग मी म्हटलं, तुम्ही, हे कुरोइवा-सान आणि मी, एक फोटो होऊन जाऊ दे माझ्या नातीच्या डब्यावर. तर लाकडासारखा ताठ झाला! चहा आणणारी मुलगी म्हणाली, मी चौथी उभी राहते. मी म्हटलं, तू बटण दाब बाई, मधे मी उभी राहते. साहेब म्हणाले, आजी, या वयात नको. मी म्हटलं, या वयात नाही तर कधी? चौदाव्या वर्षापासून त्याच जागी उभी आहे, आता पायांना ओळख झालीय.

काढला. कुरोइवा-सानचे डोळे मिटलेले. पुसला. परत काढला, साहेबांचे केस कोंबड्यासारखे उभे. ते स्वतःच म्हणाले, पुसा. पुढच्यात त्यांना दोन हनुवट्या दिसल्या. पुसा. मग विचारतात, कुठलं बटण? आणि मिनेको, त्यानंतर तो डबा आम्हाला परत मिळेचना! खिडकीपाशी उभं राहून बघ, खुर्चीत बसून बघ, डावीकडून, उजवीकडून. चहाच्या मुलीची बोटं दुखली. तुझा साहेब नटवा आहे, सांगून ठेवते. शेवटी एक मनासारखा आला. हा पुसू नका म्हणाले, आणि तेवढ्यात बॅटरी संपली.

मग पुन्हा साहेब झाले. चित्र खरबरीत आहे, म्हणाले. मी म्हटलं, चेहरेही काही मऊ नाहीत आपले. आणि माझ्या नातीकडे त्यावर युक्ती आहे, वीज तोडायची, तुम्ही तिला विचारलंत का? त्यांनी कुरोइवा-सानकडे पाहिलं, कुरोइवा-साननी जमिनीकडे. विचारलंच नव्हतं कोणी.

बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली त्यांनी. माणसं वाढवून मिळणार नाहीत, जिन्याखालची खोली मिळेल, आणि मुदत शरद ऋतूपर्यंत, असं म्हणाले. कुरोइवा-सान कमरेत वाकलेच. मी नाही वाकले. म्हटलं, शरदात आमच्याकडे पर्सिमन असतात, मिनेको मदतीला येते, तेव्हा मुदत पुढच्या मार्चपर्यंत करा. कुरोइवा-साननी मागून माझी बाही ओढली. साहेब म्हणाले, ही सवय नातीलाही आहे का? मी म्हटलं, तिची माझ्यापेक्षा वाईट आहे.

मार्च मिळाला, पोरी. यंदाचा नव्हे, पुढचा. तोंड लपवू नकोस, सोमवारी जिन्याखालची खोली झाडून घे, आणि बदलीचा कागद साहेबांच्या हातात कोरा परत दे. पर्सिमन सोलायला मात्र यावंच लागेल, मी शब्द दिलाय.

माया वाढत जावो, आणि हट्ट तसूभरही कमी न होवो.
तुझी आजी,
तोयो