अंगठ्याचं नख

मं., ३ फेब्रु.
नोकरीचं पत्र आलं! स्टाफ नर्स, मीरा रोड, सोमवारपासून. आईने आमच्या अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले, समोरच्या गुजराती काकींना तर दोनदा. कारखाना बंद झाल्यापासून पप्पा पहिल्यांदा मोठ्याने हसले. पत्रात खाली एक ओळ: नखं पूर्ण कापलेली हवीत. आईने तीही वाचली आणि माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. ही चार नखं नसली तर गिटारची तार बोलत नाही, हे तिला पक्कं माहीत आहे.
"नखं परत येतात गं, नोकरी नाही येत."
माझी कुठली परत येतायत. आली की कापायची.

बु., ४
डोंगरी गावात सॅवियोकडे प्रॅक्टिस, आम्ही दोघं मिळून वाजवतो. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी गिटारवर, त्याच्या गावच्या लग्नातला सूर तो व्हायोलिनवर (तो फिडलच म्हणतो). वर्षभर ओवीचं आणि त्या सुराचं भांडण चाललं होतं. आज बसलं! व्हायोलिनचा बो खाली ठेवून तो नुसता हसत राहिला. अशात कसं सांगणार? नाही सांगितलं. भित्री कुठली.

शु., ६
सांगितलं. बिनसलं.
"प्लास्टिकची नखं लाव ना."
लावून वाजवलं. टपटप, पत्र्यावर खडे पडल्यासारखं.
"जीव न्हाय यात. सोड ती नोकरी, दुसरी मिळंल."
"आणि पप्पा?"
तर म्हणे, "मला कोणी बो मोडायला सांगितला असता तर?" जाम चिडले. जखमेला हात लावायचा तर नखं नकोतच, नियम बरोबर आहे. हाच तर वैताग. आणि नर्सिंग मला आवडतं, हे त्याला ऐकायचंच नाहीये.

र., ८
पूनम सागरजवळच्या कॅफेत शो. ओवी सुरू झाली तशी माणसं कप खाली ठेवून ऐकायला लागली. नंतर एकाने एप्रिलमधल्या रेकॉर्डिंगचं विचारलं. सॅवियो मला न विचारता, "हो, दोघं येतो." माझ्याकडे बघितलंही नाही. राग आला. आनंदही झाला, काय करू.

सो., ९
सकाळी तीन कापली. अंगठ्याचं ठेवलं, निदान खर्जाच्या तारा तरी... वॉर्डात मूठ मिटून उभी.
सिस्टर इनचार्ज म्हणाल्या, "मूठ उघड. अंगठा बोटांत मोजत नाहीस का?" सगळ्या हसल्या. "उद्या हे नख घेऊन आलीस तर गेटवरूनच परत."
संध्याकाळी सॅवियोचा मेसेज: अंगठ्याचं तरी नख हाय ना?
उत्तर दिलं नाही. गिटार घेतली, एकट्या अंगठ्याने ओवीचा ठेका धरला. आतून आई ती ओवी म्हणायला लागली. म्हणतच बाहेर आली, हातात नेलकटर. ओवी संपवून मी थांबायची वाट बघत उभी राहिली.
मी अंगठा थांबवला नाही. तिने पुढची ओवी धरली.