कुंपणातली विहीर

ती. आईच्या पाया पडून हनुमान लिहितो की, आम्ही लासूर स्टेशनजवळ मेंढरांसंगं बरे हाओत. तुझा गुडघा कसा हाये?

फोनवर बोललो असतो तर काकूनं ऐकलं असतं, म्हणून लिहितोय. नातीकडून हळू वाचून घे.

आपलं दरवर्षीचं चराईचं रान यंदा सौर कंपनीनं तारेच्या कुंपणात घेतलं. विहीरबी आतच राहिली. मेंढरं कालपासून तहानलेली, आन् गेटवर वर्दीत उभा कोण, तर काकूचा भारत.

"दादा, आत सोडलं तर माझी नोकरी जाईल," तो म्हणाला.

मी कळप मागं वळवला. तेवढ्यात एक गाभण मेंढी खाली बसली, ती उठंना. भारतनं तिच्याकडं पाहिलं आन् कुलूप काढलं.

मेंढरं पाणी पीत होती तवाच साहेबाची गाडी आली. भारतची वर्दी तिथंच उतरवून घेतली.

आता तो माझ्यासंगं हाये. त्याची सोयरीक नोकरी बघूनच जुळली होती, हे मलाबी ठाऊक हाये. काकूला तू समजावून सांग.

सोयरीक मोडायची का, असं मी आज त्याला विचारलं, तर म्हणाला, "पोरीला आधी विचारा, मेंढरांमागं चालशील का?"

तुझा,
हनुमान