सोमवारची सुई

११ नोव्हेंबर १९२६, गुरुवार. धारवाड
शेजारच्या न्हाणीत मेलेला उंदीर सापडला. भर दुपारी सगळी गल्ली चिडीचूप. हे कचेरीतून आले, बातमी ऐकली आणि बूटसुद्धा न काढता म्हणाले, "इंदू, तू टोचून घे. आता थांबायचं नाही." ह्यांच्या कचेरीत साहेबाने मागेच सगळ्या कारकुनांना रांगेत उभं करून प्लेगची लस टोचवली होती. त्या एका सुईपायी हे असे विव्हळत होते की चिंगीसुद्धा रडायची थांबून बघत राहिली. आणि आता आम्हाला धीर देतात!
चिंगी पाच महिन्यांची, अंगावर पिणारी. मला ताप भरला तर तिला पाजू कशी? बायका म्हणतात, टोचलेल्या बाईचं दूध बाळाला बाधतं. खरं-खोटं देव जाणे.
सासूबाई चुलीपुढूनच बोलल्या, "आमच्या घरात नको ते. त्यात मांस असतंय म्हणे." (हे त्यांना अव्वा म्हणतात, गल्ली अव्वा म्हणते, मग मीही अव्वाच म्हणते.) विषय मिटला. मला बरंच वाटलं. माझ्या भीतीला अव्वांच्या सोवळ्याचा आडोसा मिळाला.

१२, शुक्रवार
मी आमटी तळहातावर घेऊन चाखत होते, पुन्हा पकडले गेले. "देवाच्या आधी तुझी जीभ!" अव्वांनी जन्मात कधी स्वयंपाक चाखला नाही. नैवेद्य व्हायच्या आधी जिभेला लावायचं नाही म्हणजे नाही. वाफ हुंगून मीठ ओळखतात.
"आणि चुकलं तर?"
"चुकलं तर वसंता तोंड वाकडं करतोय की."
दोघी हसलो. वसंता म्हणजे हेच, पाटावर बसून आम्हाला काय झालं म्हणून बघत होते.

१५, सोमवार
हुबळीचे तरुण डॉक्टर आता दर सोमवारी आमच्या मारुतीच्या देवळात, पडवीत टोचायला बसणार. हे अव्वांना आणि मला नुसतं ऐकायला म्हणून घेऊन गेले. मी विचारलं, "अंगावर पाजणाऱ्या बाईला चालतं?" म्हणाले, "चालतं. ताप येईल, दंड सुजेल, दोन-तीन दिवसांत उतरेल. दुधाला काही होत नाही. घेतली म्हणजे प्लेग येणारच नाही असं मी म्हणत नाही; पण वाचायची आशा पुष्कळ वाढते."
मग अव्वा पुढे झाल्या. "तम्मा, बाळा, खरं सांग. कशात करतात हे?"
ह्यांनी मागून डॉक्टरांना केवढे डोळे केले! पण तो पोरगा भोळा की शहाणा कोण जाणे. म्हणाला, "अव्वा, बोकडाच्या मांसाच्या रसात वाढवतात असं मी शिकलोय. तुम्हाला खोटं कसं सांगू?"
अव्वा वळल्या आणि घरी आल्या. डोक्यावरून पाणी घेतलं.
हे संध्याकाळभर धुमसत होते. "एक खोटं बोलला असता तर काय जीभ झडली असती?"

१७, बुधवार
तुळशीचं लग्न. ऊस मिळाला, भटजी नाही मिळाले. ते गावाबाहेर माळावर झोपडी घालून राहिलेत. ह्यांनीच मंगलाष्टकं म्हटली. तुळस बिचारी बोलत नाही म्हणून बरं.
हुबळीत कमरीपेठ निम्मी ओस पडली म्हणतात. आपणही माळावर जायचं का? ह्यांना रजा नाही, आणि थंडी अशी की चिंगीला कशात गुंडाळू. अळणावरला माहेरी जावं तर तिथेही उंदीर पडलेत. म्हणजे इथेच. अव्वा चिंगीला मांडीवर घेऊन थोपटत होत्या, मध्येच थांबल्या, मग पुन्हा थोपटायला लागल्या.

२०, शनिवार
मागच्या गल्लीतल्या शिंप्याची सून गेली. माझ्याच वयाची. नागपंचमीला आम्ही एका झोक्यावर. तिचं तान्हं मूल शेळीच्या दुधावर ठेवलंय, पण ते पीत नाही.
अव्वा लांबून बघून आल्या. जेवल्या नाहीत. मी दोनदा विचारलं, "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही गं. तू जेव. तुला पाजायचंय."

२२, सोमवार
कसं लिहू. हसू येतं आणि रडूही.
सकाळी अव्वा आंघोळ करून, आलवण नेसून सरळ देवळात. मी चिंगीला काखेत मारून मागे धावले. पडवीत रांग होती, ती आपोआप बाजूला झाली. अव्वांनी डावा दंड उघडा केला. "टोच."
डॉक्टरच गडबडले. "अव्वा, पण मी सांगितलं होतं ना, त्यात…"
"ऐकलंय. बोकड. तू मला तोंडावर खरं सांगितलंस, म्हणून आले. जो बोकड लपवत नाही तो ताप कशाला लपवेल? दोन-तीन दिवस म्हणालास, तर दोन-तीनच येईल."
मग माझ्याकडे वळून, सगळ्या रांगेदेखत, "जन्मात चाखून रांधलं नाही मी. ह्या खेपेला आधी मी चाखते. अंगाने तुझ्या निम्मी आहे. मला सोसलं तर पुढच्या सोमवारी तुला. तोवर मी उठते, तुला ताप आला की चिंगीला बघते."
मी म्हटलं, "अव्वा, तुम्हाला कुठे पाजायचंय? दुधाचं कसं कळणार?"
"फार शहाणी आहेस," म्हणाल्या.
सुई शिरली तेव्हा डोळे मिटले नाहीत. ह्यांना संध्याकाळी सांगितलं, तर हे बूट न काढताच अव्वांपाशी जाऊन बसले. घरी येऊन अव्वांनी पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं होतं, डॉक्टर नको म्हणाले तरी.

२३, मंगळवार
अव्वांना सणसणून ताप. दंड टरारून सुजलाय. मी सोवळ्यात सार केलं, एकदाही चाखलं नाही. वाटी सगळी प्यायल्या. मग आम्ही जेवायला बसलो तेव्हा कळलं, मी मीठच घातलं नव्हतं. अव्वांनी ब्र काढला नाही.

२४, बुधवार
लुगडं बदलायला हात दिला तर डाव्या काखेला हात लागताच अव्वा कळवळल्या. काखेत गाठ आहे. सुपारीएवढी.
प्लेगची गाठही काखेतच येते.
हे धावतपळत हुबळीला डॉक्टरांच्या बिऱ्हाडी गेले. डॉक्टर खेड्यांत फिरतायत. कंपाउंडर म्हणाला, टोचल्यानेही त्या बाजूला गाठ येते, पण प्लेगचीही असू शकते, वाट बघा. चिंगीला अव्वांच्या खोलीत नेत नाही. ती दाराकडे हात करून रडते. अव्वा आतून म्हणतात, "आले गं, आले गं," पण त्यांना उठवत नाही.
माझ्यासाठी केलं त्यांनी हे. मी नको म्हणायला त्यांच्या मागे लपले, आणि त्या माझ्या पुढे उभ्या राहिल्या. देवा, ह्या बाईला काही करू नकोस.

२६, शुक्रवार
ताप कालच्याहून कमी. गाठ तशीच, पण दुखणं कमी म्हणतात. "म्हणतात" हेच खरं. अव्वांना विचारून कधी काही कळलंय? हे आज कचेरीत न जाता घरी. आईचे पाय चेपत बसले होते. अव्वा म्हणाल्या, "वसंता, तू टोचून घेतलंस तेव्हा एवढा बोंबललास, म्हणून मला वाटलं फार असेल. काही नाही की रे." हे हसले नाहीत. मी हसले, मग डोळे पुसले.

२८, रविवार
सकाळी भांड्यांचा आवाज आला म्हणून बघते तर अव्वा चुलीपुढे! मी रागावले, हाताला धरून उठवलं. भिंतीला टेकून बसल्या. दाराशी ह्यांच्या कडेवर चिंगी झेपावत होती. अव्वांनीच हाताने "अजून नको" केलं.
मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मीठ बरोबर पडलंय. उद्या सोमवार, तू वाढून घे."
"आणि गाठ?"
"उतरतेय की." आणि वर, "तुझ्या सारात मात्र मीठ नव्हतं हं."
मी त्यांच्या काखेत हात घालून गाठ बघितली. पूर्वीपेक्षा लहान वाटली. वाटली की आहे? कपाळाला हात लावला, अजून कोमट आहे. चुलीपुढे बसल्याने असेल. अव्वांनी माझा हात कपाळावरून काढला आणि स्वतःच्या हातात धरून ठेवला, सोडला नाही.
हे म्हणतात, उद्या आधी डॉक्टरांकडून अव्वांना तपासून घेऊ, मग तुझं ठरवू. अव्वांनी मात्र माझं बाह्या सैल असलेलं पोलकं आत्ताच काढून खुंटीला लावून ठेवलंय.