गुडघे सैल सोडा, बाबा

ती. बाबा,

तुम्हाला नमस्कार, आणि शेजारी बसून हे पत्र ऐकणाऱ्या आईलाही.

मी बरी आहे. लाँड्रीत इस्त्रीच्या मशीनपाशी दिवसभर उभं राहावं लागतं, पण पाठ आता रात्री झोपू देते.

गच्चीवर ची कुंगचा तो उभ्याने करायचा चिनी श्वासाचा व्यायाम करताना तुम्हाला भोवळ आली आणि कठडा धरावा लागला, हे आईने फोनवर सांगितलं. तिच्यावर रागावू नका. "मोबाईलवर बघून येतं, मला शिकवायला कुणी कशाला हवं?" हे तुमचं उत्तरही तिने सांगितलं.

मीही खोलीत एकटीनेच करत होते. मग क्लास लावला, तर मैत्रीण हसली, "उभं राहायला क्लास? दिवसभर उभीच असतेस की!" पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाई माझ्या मागे येऊन थांबल्या. "श्वास का कोंडलास?" मी म्हटलं, "छे, कुठे?" त्यांनी बरगडीवर हात ठेवला, तेव्हा कुठे मला कळलं. गुडघेही ताठ होते. असं केलं की चक्कर येते, म्हणाल्या.

तुमचंही तेच होत असेल, असं मी धरून चालले आहे. तरी डॉक्टरांना दाखवलंत का? बीपी तपासलं का?

तोवर गच्ची नको. खालच्या खोलीत करा आणि आईला समोर खुर्चीवर बसवा. श्वास अडला की ती टोकेल. ची कुंग तिला येत नाही, पण तुमच्या चुका काढायला तिला क्लास लावावा लागणार नाही.

तुमची,
धाकटी