हलकं काम

शिरूर,
४ जुलै २००१

ती. म्हाळूमामांस,
राजश्रीचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मामींनी वरवंडच्या स्थळाबद्दल विचारलं आहे. त्यांना सांगावं की मुलगी सध्या कागदोपत्री कुणीच नाही, त्यामुळे तिच्या पसंतीला अर्थ नाही.

झालं असं. रांजणगावच्या कारखान्यांत अपघात झालेल्या कामगारांना पुन्हा कामाला लावायचं, हे मी इथल्या संस्थेत तीन वर्षं करते आहे. आता कळलं की दिल्लीच्या पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय पुनर्वसन समुपदेशक म्हणून अहवालावर सही करता येणार नाही. माझ्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे. त्यावर मी यंत्राबद्दल मत देऊ शकते, यंत्रात सापडलेल्या माणसाबद्दल नाही. आधीपासून हे काम करणाऱ्यांसाठी एक जोड-अभ्यासक्रम आहे. पुण्यात शनिवार-रविवारी वर्ग, मग लेखी परीक्षा, आणि एका कामगाराची केस परीक्षकांसमोर मांडायची.

मी कारेगावच्या शंभूची केस घेतली आहे. पॉवर प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मॅनेजर म्हणतात की नोंदणी असलेल्या माणसाच्या सहीचा अहवाल वर्षअखेरपर्यंत आला, तर त्याला मालाच्या तपासणीच्या टेबलावर घेऊ. नाहीतर हिशेब करून मोकळं करू. म्हणजे मी पास झाले तर त्याची नोकरी राहील. माझ्यावर विसंबलेल्या माणसाची मला नेहमीच काळजी वाटते.

रविवारी वर्गात ‘ऐकणे’ हा विषय होता. समोरच्याचं बोलणं न तोडता ऐकायचं. मी बाईंचं वाक्य तोडून विचारलं, किती वेळ?

लोभ आहे तेवढाच राहू द्यावा; वाढवून आणखी स्थळं पाठवू नयेत.

तुमची,
राजश्री

•

दौंड,
१३ जुलै २००१

चि. राजश्रीस,
म्हाळूमामाचा जय भीम आन् पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या मामीला वाचून दाखवलं. ती म्हणती, पोरगी तीन वर्सं लोकांस्नी कामाला लावती आन् आता तिला बोलायचं लायसन काढाय लागतंय, मग मला घरात बोलायचं लायसन कुणी दिलंय. मी म्हणलं, तुझं काम जुनं हाय, तुला जोड-अभ्यासक्रम चालंल. तवापास्नं मला चहा मागून घ्यावा लागतोय.

तू ऐकायचं शिकतीस ते झ्याक झालं. ल्हानपणी मी सायकलची चैन बसवत असायचो आन् ती कशी बसवायची ते तू मला सांगायचीस. वरवंडचा पोरगा, सम्राट, लय कमी बोलतो म्हणं. म्हंजी निदान एकाला तरी ऐकायचा सराव हाय.

शंभूचं कळव. त्याला बायकोलेकरं हायेत का न्हाई ते तू लिवलं न्हाईस. बोटं मातर मोजून लिवलीस.

मामा म्हातारा झाला म्हणून माया पातळ करू नको.

तुझा,
म्हाळूमामा

•

शिरूर,
२ सप्टेंबर २००१

ती. मामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

शंभूला बायको आहे, धनश्री. एक मुलगी आहे. आई आहे, गिताबाई. हे मला आता माहीत आहे, कारण तो यायचा बंद झाला आणि मला त्याच्या घरी जावं लागलं.

त्याच्या पकडीचं माप मी घेतलं होतं. मालाचं माप तपासायच्या गेजला उरलेल्या बोटांत बसेल अशी मूठ करून आणली होती. शेवटी मी त्याला म्हणाले, काळजी करू नका, तुम्हाला हलकं काम मिळेल. वजन उचलावं न लागणारं काम, एवढाच माझा अर्थ. तो बरं म्हणाला आणि पुन्हा आला नाही.

कारेगावात गिताबाईंनी चहा दिला. म्हणाल्या, आमच्या पिढ्या मेंढरांमागं गेल्या, आता जमीन कसतो, पर ह्या घरात हलकं काम कुणी क्येलं न्हाई. आन् आता पोरगं कंपनीत झाडू मारणार व्हय. मग त्यांना माझं आडनाव आठवलं असावं. त्या थांबल्या, आणि चहात साखर कमी झाली का म्हणून विचारलं. मी म्हणाले, बरोबर आहे.

मामा, आजीनं गावाची मेलेली जनावरं ओढायचं सोडलं, तुम्हाला शाळेत घातलं, मी डिप्लोमापर्यंत आले. आणि जो शब्द आपण इतक्या कष्टानं घराबाहेर काढला, तो मी नेऊन दुसऱ्याच्या दारात ठेवला. माप जरा चुकलं तर मी भाग परत पाठवते. हा शब्द न मोजताच पाठवला.

केस मांडायची तारीख ऑक्टोबरमध्ये आहे. केस कारेगावात भिंतीकडे तोंड करून बसली आहे.

रागावलात तरी लोभातून वजा करू नये.

तुमची,
राजश्री

•

दौंड,
१० सप्टेंबर २००१

चि. राजश्रीस,
जय भीम आन् आशीर्वाद.

रागवायचं काय त्यात. तुला एक सांगायचं राहिलंय. नजर कमी झाली तवा रेल्वेनं मला इंजनावरनं उतरवलं आन् फलाटावर पाणी पाजायला ठिवलं. काम हलकंच, लोटा उचलायचा. पर काही पाशिंजर तहान लागलेली असूनबी आधी आडनाव इचारायचे. मग मी फुडच्या डब्याकडं जायचो. असल्या हलक्या कामानं माणूस किती दमतं ते कुठल्या मापात येत न्हाई.

तू परत जा. पर परीक्षा हाय म्हणून जाणार असशील तर नको जाऊ. तुला शंभू पाहिजे का शंभूची केस, हे त्याला तू दारात उभी राहिलीस की कळंल. गरिबाला आलेल्या माणसाचं काम लगीच कळतं.

आन् जाताना गप बसायची परीक्षा आधी तिथंच दे.

मामी म्हणती, पोरीला लय बोलू नका. म्हणून इथं थांबतो. जीव लावून हायेसच, तशीच रहा.

तुझा,
म्हाळूमामा

•

शिरूर,
२८ ऑक्टोबर २००१

ती. मामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

गेले होते. फाईल नेली नाही. शंभूला म्हणाले, माझा शब्द चुकला, आणि मग गप्प बसले. वर्गात सांगतात की शांतता भरून काढायची घाई करू नये. मला मनातल्या मनात प्रेसचे सुटे भाग आठवावे लागले, म्हणून जमलं.

बऱ्याच वेळानं शंभूनं विचारलं की कपडे कोणते मिळणार. कंपनीत ऑपरेटरला निळे कपडे आणि झाडलोट करणाऱ्यांना राखाडी. हात, पगार, बसायचं स्टूल, कशाचंच त्याला विचारायचं नव्हतं. राखाडी घालून घरी आलो तर आई काय म्हणंल, एवढंच. त्या राखाडी कपड्यांत आपल्या वस्तीतली किती माणसं आहेत, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. मी पुन्हा गप्प बसले. हे मात्र वर्गात शिकवलेलं नव्हतं.

मॅनेजरना विचारून दुसऱ्या दिवशी निरोप दिला की निळेच राहतील. तो टेबल बघायला आला.

परीक्षकांना मी सगळं सांगितलं, चुकीच्या शब्दासकट. एका सरांनी विचारलं की मग या केसमध्ये समुपदेशन नेमकं कुठं झालं. मी म्हणाले, मी बोलले नाही तिथं. त्यांनी काहीतरी लिहिलं. मार्क असावेत, किंवा नापासचा शेरा. अक्षर उलटीकडून वाचता आलं नाही, प्रयत्न केला.

निकालापर्यंत माया आहे तशी चालू ठेवावी.

तुमची,
राजश्री

•

शिरूर,
२३ डिसेंबर २००१

ती. मामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

पास झाले. लेखीत भरपूर, तोंडीत जेमतेम. नोंदणी क्रमांक आला, त्याच दिवशी अहवालावर सही केली, आणि शंभू सोमवारपासून टेबलावर बसतो आहे. कामाच्या रकान्यात मी ‘बसून करायची मालाची तपासणी’ असं लिहिलं. मॅनेजरनी ते वाचलं, आणि शंभूच्या कार्डावर आपल्या हातानं ‘लाइट ड्युटी’ असं लिहिलं. म्हणजे पुन्हा हलकं कामच, फक्त इंग्रजीत. मी दोन दिवस धास्तावून होते.

आज कारेगावात गेले तर गिताबाईंनी शेजारणींसमोर मला हाक मारली. म्हणाल्या, हीच ती बाई, हिनं आमच्या शंभूला कंपनीच्या लाइटीवर घेतला. आता त्याच्या साहेबाला सांगून गल्लीतल्या खांबावरचा दिवा तेवढा लावून द्या.

ड्युटीतली लाइट वेगळी आणि खांबावरची वेगळी, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. मागं दारात शंभू निळ्या कपड्यांत उभा होता. माझ्याकडे बघत होता, आणि शेजारणी त्याच्याकडे.

मी म्हणाले, त्यासाठी वीज कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. तिथंच बसून अर्ज लिहिला आणि खाली सही केली, नोंदणी क्रमांकासह.

मामींना जय भीम. असंच आपलं म्हणत राहावं.

तुमची,
राजश्री