नऊ दिवसांचं छप्पर

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. बाबांचा खोकला कमी आहे. आई दिवसभर तुझ्या फोनची वाट बघते आणि तू केलास की दोन मिनिटांत ठेवून देते. मी फोनवर बोलायला लागले की हवापाण्यावरच घसरते, म्हणून हे पत्र.

भाओजी काठी घेऊन जिना चढले, हे ऐकून बरं वाटलं. ते चिडचिड करतात म्हणालीस. त्यावर तू त्यांना काय सुनावलंस तेही सांगितलंस, "दोन मुलींचे बाप, वीस वर्षं मुरलेले कारागीर, आणि दोर सोडून छपरावर नाचायला गेला होतात का?" मी हसले होते. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

ते छप्पर तू पाहिलेलं नाहीस. शाळेमागच्या जुन्या बंगल्याचं, भिंतीला शिडी टेकवावी तसं उभं. जुन्या लाकडी फळ्या काढून नव्या ठोकायच्या होत्या. तुला आपल्या धंद्याचं गणित कधी आवडलं नाही, तरी एवढं ऐक. साध्या उतारावर माणूस फळ्यांचा गठ्ठा शेजारी ठेवतो आणि ठोकत सुटतो. उभ्या छपरावर ठेवलेला गठ्ठा सरळ खाली येतो. तो दर वेळी दोराने वर ओढायचा, पायाखालची आधाराची फळी काढून पुन्हा वर ठोकायची, कमरेचा दोर सोडून पुढच्या लोखंडी कड्याला बांधायचा. अर्धा दिवस यातच जातो. छप्पर तेवढंच, दिवस दुप्पट.

भाओजींनी रस्त्यातूनच मान वर करून पाहिलं. म्हणाले, "चार माणसं, नऊ दिवस. त्यात कमी करू नकोस."

मी कागदावर सहा लिहिले.

बाबांनी अंदाज काढायचं काम माझ्यावर सोपवल्यानंतरचं ते पहिलंच मोठं काम. दुसऱ्या ठेकेदाराने सात दिवस सांगितले होते. मला ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं, बाबांना करून दाखवायचं होतं. कागद पाहून भाओजी एवढंच म्हणाले, "बरं, बघू या." तुझी बहीण म्हणून त्यांनी ते गिळलं.

पाचव्या दिवशी दुपारी एक अख्खी बाजू उरली होती. मी खालून ओरडले, "भाओजी, उद्या संपायलाच हवं हं!" त्यांनी हात हलवला. टोकाच्या कोपऱ्यापर्यंत दोर पुरत नव्हता. सोडून दुसरीकडे बांधायला दहा मिनिटं लागली असती. त्यांनी सोडला, बांधला नाही. मी पाहत होते, ताई. "थांबा" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दवाखान्यात तू विचारलंस, "कसे पडले?" मी म्हणाले, "दव होतं, पाय सरकला." दुपारी तीनला कसलं दव! तू रडत होतीस, म्हणून खपलं.

गेल्या रविवारी तू औषधं आणायला गेलीस, तेव्हा मी म्हटलं, "भाओजी, मी ताईला खरं सांगते." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दर वेळी येतेस आणि हेच म्हणतेस."

रागाने नाही म्हणाले. दमलेल्या माणसासारखे म्हणाले.

काल बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "उद्यापासून छपरं मी बघेन." सकाळी मी उठायच्या आत ते कामावर निघूनही गेले होते. आईने मला चहा दिला आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

भाओजी पुन्हा छपरावर चढणार नाहीत, हे तुला डॉक्टरांनी सांगितलं. ते कुणामुळे, हे मी सांगते आहे. चार महिने तू त्यांना जे जे बोललीस, ते सगळं माझ्या वाट्याचं होतं. त्यांनी ते मुकाट ऐकून घेतलं. हे पत्र एकटीने वाचून फाडून टाकू नकोस. त्यांच्यासमोर बसून मोठ्याने वाच.

त्यानंतर माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव. मी आपणहून फोन करणार नाही.

एरवी शेवटी "तुझी लाडकी" लिहिते. आज नुसतंच,

धाकटी