मी मागितलेली खूण

४ फेब्रुवारी
हे जाऊन आज पाच आठवडे. सकाळी प्रार्थनेला बसले आणि तशीच उठले. ह्यांच्या आजारपणाचे चौदा महिने एकच मागणं होतं — देवा, तू आमच्या घरात आहेस याची एक खूण दे. एकच! नाही दिलीस. आज मागायचंही सोडलं.

५ फेब्रुवारी
शाळेच्या हजेरीपटात दोन मुलींची आडनावं उलटसुलट लिहिली. मुख्याध्यापिकांनीच ती नीट करून दिली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

९ फेब्रुवारी
ह्यांचं कपाट आवरलं. दाढीच्या डब्यात ब्लेडचं नवंकोरं पाकीट. मी आणलेलं नाही.
झटका आल्यापासून ह्यांचा उजवा हात लुळा. मी धरून चालले होते, डाव्या हाताने करत असतील कशीबशी. पण गाल तर शेवटपर्यंत तुळतुळीत होते! मी बायको ना? एकदाही विचारू नये?

१० फेब्रुवारी
मी शाळेत असताना ह्यांच्याजवळ थांबायची त्या धाकट्या बहिणीला फोन केला. "अगं, तो वरचा लिफ्टवाला करायचा की! तुला ठाऊक नाही?"
लिफ्टवाला! लिफ्ट दुरुस्त करतो, वरच्या मजल्यावर एकटा राहतो, देवाचं नाव काढलं की हसतो. मी संध्याकाळी प्रार्थना मंडळात जायला निघाले की हा 'दादांशी गप्पा मारायला' हजर. मला वाटायचं, आमच्या टीव्हीवर फुकटात मॅच बघायला येतो. घरात कुणीतरी हवं म्हणून चालवून घेतलं, इतकंच. तिथे प्रार्थना घेणाऱ्या बाईंना एकदा म्हटलंसुद्धा — असल्या माणसाची सावली घरात, मग देव कसा येईल?


१३ फेब्रुवारी
धीर करून वर गेले. तो ग्रीसचे हात पुसत दारात आला.
"दाढीचं काय घेऊन बसलात, वहिनी! संध्याकाळी दादांचं अंथरूण खराब व्हायचं. तुम्ही यायच्या आत त्यांना पुसून घ्यायचो, चादर बदलायचो. खराब चादर वर नेऊन माझ्या मशीनला लावायचो."
"मला का नाही सांगितलंस?"
"दादांनी शपथ घातली होती. म्हणायचे, तिला रडायला प्रार्थनेची तेवढी एकच जागा आहे. कळलं तर जायची नाही."
खाली येऊन दार लावून घेतलं. चादरी दर दोन दिवसांनी बदललेल्या असायच्या आणि मला वाटायचं, मीच बदलल्या असतील. इतकी कशी मी आंधळी!

१४ फेब्रुवारी
रोज सहाला मी जिना उतरायचे, तो कामावरून चढायचा. त्याच्या कपड्यांचं तेल लागू नये म्हणून मी अंग चोरून भिंतीला चिकटायचे.

२० फेब्रुवारी
प्रार्थनेच्या बाईंना सगळं सांगितलं. "देव कोणत्याही रूपात येतो," म्हणाल्या. मला राग आला. इतकं सोपं करू नका, बाई! त्याची कंबर दुखत होती. पट्टा बांधून यायचा तो. ते दुखणं देवाचं नव्हतं, त्याचं होतं. आणि मी त्याला साधं 'ये, बस' म्हटलं नाही.
ह्यांना तरी काय म्हटलं? 'येते हं' — तेही दारातून.

२ मार्च
आज त्याला जेवायला बोलावलं. मान खाली घालून जेवला. मी विचारलं, "पण मुळात आलास कसा रे? ह्यांनी बोलावलं होतं?"
"नाही. तुम्हीच," म्हणाला. "दादांना दवाखान्यातून आणलं त्या आठवड्यात तुम्ही जिन्यात बसून रडत होतात. मी वर चाललो होतो. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, 'ये ना रे, एकदा तरी ये.' म्हटलं, वहिनी बोलावतायत, जायला हवं."
मी त्याला म्हणतच नव्हते.